एचआयव्हीच्या गोळ्यांची पहिली बाटली हातात आली, आता एवढंच कर

भावा, घाबरू नको. अकरा वर्षांपूर्वी मीही बेळगावहून खानापूरच्या बसमध्ये अशीच बाटली घेऊन बसलो होतो. गोळ्यांची खडखड अख्खी बस ऐकतेय असं वाटायचं! रुमालात गुंडाळ, आवाज होत नाही.

ती एक गोळी दिसते, पण आत औषधं तीन: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन, डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन विषाणूची नक्कल होऊ देत नाहीत, तिसरं त्याला आपल्या पेशीच्या जनुकात घुसू देत नाही. एकच औषध असतं तर विषाणू रूप बदलून निसटला असता. तिन्ही मिळून वाटा बंद करतात, म्हणून तो दबतो. मरत मात्र नाही, लपून राहतो.

सुरुवातीच्या चुका ठरलेल्या:
- बरं वाटलं की गोळी सोडणं. मीही निपाणीच्या लग्नात चार दिवस सोडली, सिस्टरांची बोलणी खाल्ली. गावाला जाताना जादा गोळ्या घे.
- ॲसिडिटीचं औषध सोबत घेणं. गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. कॅल्शियम, लोह चालू असेल तर डॉक्टरांना सांग.
- टीबीचं औषध चालू असल्याचं लपवणं. डोस बदलावा लागतो.

सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतील. बाकीचे आकडे तेव्हा बघू. आज रात्री जेवणानंतरचा अलार्म तेवढा लाव.