ठिपका थांबला म्हणजे जहाज थांबलं का?

प्रश्न: माझा मुलगा मर्चंट नेव्हीत सेकंड ऑफिसर आहे. जहाज सिंगापूरहून ब्राझीलला निघालंय. मोबाईलवरच्या फुकट ॲपमधे मी रोज बघते, पण सुमात्रा सोडल्यापासून ठिपका एकाच जागी अडकलाय, फोनही लागत नाही. सॅटेलाईटवरून सगळं दिसतं ना, मग हे काय समजायचं?
— एक आई, दापोली

उत्तर: ताई, आधी घाबरू नका. ठिपका थांबला याचा अर्थ तुमच्या ॲपपर्यंत सिग्नल पोचत नाहीये, एवढाच. जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते जीपीएसवरून जागा घेतं आणि नाव, वेग, दिशा हे सगळं व्हीएचएफ रेडिओवर दर काही सेकंदांनी सांगत राहतं. जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून ते बसवतात, सॅटेलाईटचा विचार नंतर आला. किनाऱ्यावरच्या अँटेनाला हा सिग्नल साधारण ४०-५० सागरी मैलांपर्यंत मिळतो, पुढे पृथ्वीचा बाक आडवा येतो.

भर समुद्रात मग सॅटेलाईटने वरूनच ऐकावं लागतं. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ या सॅटेलाईटवरही २०११ मधे कॅनडाचं असं एक उपकरण गेलं होतं. पण सॅटेलाईटखाली एका वेळी एवढा मोठा समुद्र येतो की हजारो जहाजांचे सिग्नल एकमेकांत मिसळतात, ते वेगळे काढायला खर्च येतो आणि म्हणून तो डेटा विकत मिळतो, फुकट ॲपमधे बहुतेक नसतोच.

ठिपक्यावर बोट ठेवलंत की शेवटचा सिग्नल कधी आला ती वेळ दिसेल, ती बघा. डेस्टिनेशन आणि पोचायची तारीख मात्र ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, हाताने टाईप करतात, बऱ्याचदा सेकंड ऑफिसरच, म्हणजे कदाचित तुमच्या मुलानेच केली असेल! चाच्यांच्या भागात कॅप्टन एआयएस बंदही ठेवू शकतो, नियमात तशी मुभा आहे.

शिवाय एलआरआयटी म्हणून वेगळी सिस्टीम आहे, तिच्यातून दर ६ तासांनी जहाजाची जागा सॅटेलाईटमार्फत ज्या देशाचा झेंडा त्या सरकारकडे जाते. ती आपल्याला दिसत नाही, पण परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांपासूनच्या मालवाहू जहाजांना सक्तीची आहे.

काळजी वाटली तर सरळ कंपनीच्या क्रू डिपार्टमेंटला फोन लावा आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर सांगा, नाव बदललं तरी तो बदलत नाही. रोज दुपारी बाराची जागा कळवणारा नून रिपोर्ट कंपनीकडे येतो, त्यांना बघून सांगता येतं, विचारायला अजिबात संकोच करू नका. सिंगापूर ते दक्षिण आफ्रिका अडीच-तीन आठवडे सहज लागतात, तो किनारा जवळ आला की तुमच्या ॲपमधेही ठिपका हलायला लागेल.