लेटरमनच्या शोमधला तो जाड चष्म्याचा म्हातारा कोण?

प्रश्न असा आहे की अमेरिकन टीव्हीवर रात्रीचा विनोदी गप्पांचा शो चालवणारा जो डेव्हिड लेटरमन होता, त्याच्या जुन्या क्लिप्समध्ये जाड काळ्या चष्म्याचा, अडखळत वाचणारा जो बुटका म्हातारा दिसतो तो खरा नट होता की कुठून तरी धरून आणलेला, आणि पुढे त्याचं काय झालं.

नाव कॅल्व्हर्ट डीफॉरेस्ट. जन्म १९२१चा, ब्रुकलिनचा. आयुष्यातली बरीच वर्षं फायली लावण्याच्या कारकुनीत गेली, नाटकसिनेमाची हौस फावल्या वेळात. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या दोन पोरांनी त्याला आपल्या फिल्ममध्ये घेतलं, ती लेटरमनच्या लोकांनी पाहिली आणि पोरांना लेखक म्हणून कामावर ठेवलं. त्यांच्यासोबत हाही आला. १ फेब्रुवारी १९८२ला एनबीसी या चॅनेलवर लेटरमनचा रात्रीचा शो सुरू झाला तेव्हा प्रेक्षकांना पहिल्यांदा दिसला तो लेटरमन नव्हेच, हा होता! १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन' या भयपटाच्या सुरुवातीला एक गृहस्थ येऊन प्रेक्षकांना सावध करतो, त्याची नक्कल करत. वय ६०. शोमधलं नाव लॅरी 'बड' मेलमन.

आता नट की नाही? माझ्या मते तो नट होता, पण वाईट. आणि सगळी गंमत त्यातच होती. टीव्हीवरचा माणूस म्हणजे गुळगुळीत आवाज, बसवलेले केस, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हा मात्र समोर धरलेल्या पाट्यांवरचं वाचताना मध्येच हरवायचा, मग चिरक्या आवाजात खी-खी हसायचा, आणि पुन्हा गंभीर चेहरा करून पुढे. काठीवर लावलेला टोस्ट असलं काहीतरी विकायला यायचा, तेही मनापासून.

त्याची सगळ्यात गाजलेली करामत न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलची. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला बसने जाणाऱ्या आपल्या मंडळींना ते ठिकाण वेगळं सांगायला नको. ऐंशीच्या दशकात तर त्याची अवस्था फारच वाईट होती. तिथे बसमधून उतरणाऱ्यांचं स्वागत करायला हा उभा, आणि वाटतोय काय, तर गरम टॉवेल! विमानातल्या महागड्या वर्गाचा थाट, त्या टर्मिनलवर. विनोद एवढाच, पण तो उभा राहतो इतक्या अगत्याने की हसताना थोडं कसंतरीही होतं. म्हाताऱ्याची टिंगल चालली होती का, हा आक्षेप रास्त आहे. मला तरी वाटतं टिंगल टीव्हीच्या ऐटीची होती, आणि त्याला तिथे उभं राहायला मनापासून आवडत होतं.

(लेटरमनशी रोज हजरजबाबीपणा करायचं काम शोच्या बँडवाल्या पॉल शेफरचं. कॅल्व्हर्ट अधूनमधूनच यायचा.)

१९९३मध्ये लेटरमन सीबीएस या दुसऱ्या चॅनेलला गेला. एनबीसीने सांगितलं, 'लॅरी बड मेलमन' हे पात्र आमच्या मालकीचं. मग काय, म्हाताऱ्याने स्वतःचं नाव लावलं! नव्या शोच्या पहिल्या रात्री सीबीएसच्या डोळ्याच्या बोधचिन्हात त्याचाच चेहरा झळकला. काम तेच, माणूस तोच. एनबीसीच्या हाती उरलं नुसतं नाव.

शोमध्ये तो शेवटचा दिसला २००२मध्ये. १९ मार्च २००७ला गेला, ८५व्या वर्षी. तेव्हा लेटरमनने जे सांगितलं त्याचा आशय असा की हा पात्र रंगवतोय का, असं सगळ्यांना वाटायचं, पण तो होता तसाच होता, साधा आणि भला.

बघायचंच असेल तर आधी टॉवेलवाली क्लिप बघा. मग रन-डीएमसी या रॅप गटाचा १९८५चा 'किंग ऑफ रॉक'चा व्हिडिओ. त्यात रॉक संगीताच्या संग्रहालयाच्या दारावर त्या पोरांना अडवून "तुमचं इथे काय काम" म्हणणारा पहारेकरी हाच.