वाचकांचे प्रश्न : तळ कोकणात, फाइल नागपुरात

प्रश्न : आमच्या छोट्या सल्लागार कार्यालयाकडे कोकणातल्या एका नौदल तळाचं काम आलंय. जुनी फायरिंग रेंज काढून चार हेक्टरांवर गोदामं आणि क्वार्टर्स होणार आहेत. "संरक्षणाचं काम, जनसुनावणी नाही, पर्यावरण अहवाल दोन पानांत आटपा," असं साहेब म्हणतात. चालेल का?
– एक अभियंता, धरमपेठ

उत्तर : नाही चालणार. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनं संरक्षण प्रकल्पांना सूट दिली आहे ती जनसुनावणीतून, परिणामांच्या अभ्यासातून नव्हे. उलट गावकरी उठून "पाणी इथूनच खाडीत जातं" असं सांगणार नाहीत, म्हणजे ते शोधायचं काम तुमच्याच गळ्यात. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या आत बसलं आणि ईआयएची मंजुरी लागली नाही, तरी सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) सुटत नाही.

आधी भरतीरेषा. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे समुद्राकाठी या रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा सीआरझेडमध्ये येतो. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी असेल ते. ही रेषा उपग्रहचित्रावर अंदाजानं ओढू नका. चेन्नईच्या एनसीएससीएमनं (शाश्वत किनारा व्यवस्थापनाचं राष्ट्रीय केंद्र) आखलेली रेषा घेऊन १:४००० च्या नकाशावर आराखडा बसवावा लागतो. या प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर, त्यामुळे दोन नकाशांचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत) वेगळं असलं की अख्खं गोदाम कांदळवनात (खाडीकाठच्या तिवरांच्या जंगलात) सरकतं. कांदळवन हजार चौरस मीटरहून मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही धरा. जागा सीआरझेडच्या एक किंवा चार या वर्गात (संवेदनशील किनारा किंवा पाण्याचा भाग) असेल तर फाइल दिल्लीला जाते, दोन किंवा तीनमध्ये (शहरी किंवा ग्रामीण किनारा) असेल तर राज्याचं किनारा प्राधिकरण निर्णय देतं.

आता पाणी, अहवाल बहुधा इथेच लंगडे पडतात. 'हरितपट्टा ठेवू' असं लिहून भागत नाही, आकडा काढा. पाऊस ताशी ६० मिमी धरला तर चार हेक्टर गवताळ जमिनीवरून (गुणांक ०.२५, म्हणजे पावसाचा एवढा वाटा वाहून जातो) सेकंदाला सुमारे १६७ लिटर पाणी वाहतं. तीच जमीन छपरं आणि काँक्रीटखाली गेली (०.९) की ६०० लिटर. अर्ध्या तासात जादा पाणी झालं ७८० घनमीटर. ते गाळासकट नाल्यानं थेट तिवरांत गेलं तर श्वासमुळं बुजतात आणि झाडं गुदमरतात. म्हणून साठवण टाकी याच आकड्यावर बेता, आणि बांधकाम चालू असताना गाळाचे खड्डे टाकीच्या आधी हवेत.

रेंजच्या मातीकडे कोणी बघत नाही. गोळ्या अडवणाऱ्या बांधात (त्याला बट म्हणतात) शिसं साचलेलं असतं, आणि कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्याच्या मातीत ते अधिक विरघळतं. ठेकेदाराला मात्र तो बांध म्हणजे फुकटची भरावाची माती! ती हलवण्याआधी ०–१५ आणि १५–३० सेंटिमीटर खोलीचे नमुने घ्या. बटचे आणि मोकळ्या मैदानाचे नमुने एकत्र कालवू नका. सरासरीत शिसं लपतं. गोळ्यांचे तुकडे चाळून वेगळे काढायचे, पण चाळणीखालची माती स्वच्छ झाली असं समजून चालायचं नाही. तीही तपासायची.

प्रश्न : मंजुरीनंतर आपलं काम संपतं ना?

उत्तर : नाही. तळाला दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल (मंजुरीच्या अटी पाळल्याचा) द्यावा लागतो, आणि पर्यावरण मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय नागपुरातच आहे. अटींपुढे नुसतं 'पालन केले' लिहू नका. टाकीचं मोजमाप, गाळ काढल्याच्या तारखा आणि मातीच्या तपासणीचे निकाल जोडा.