संघमालक वर्णद्वेषी बोलला तर लीगने त्याचं काय करावं?

तुमचा प्रश्न असा आहे की, संघाचा मालक वर्णद्वेषी बोलला, तेही घरात, खासगीत, तर लीगने त्याला दंड करून सोडावं की संघच काढून घ्यावा? माझ्या मते संघाचा ताबा काढून घ्यावा. मात्र त्याची तरतूद संघ विकतानाच करारात केलेली असली पाहिजे. नुसता दंड मालकाला जाणवत नाही, आणि ऐन वेळी शोधून काढलेली शिक्षा कोर्टात अडकते.

तुम्ही विचारताय ते बहुधा डोनाल्ड स्टर्लिंगमुळे. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस क्लिपर्स संघाचा हा तेव्हाचा मालक. एप्रिल २०१४ मध्ये त्याचं एक ध्वनिमुद्रण बाहेर आलं. कृष्णवर्णीयांना सामन्याला आणू नकोस, मॅजिक जॉन्सन या कृष्णवर्णीय माजी बास्केटबॉलपटूबरोबरचे फोटो टाकू नकोस, असं तो मैत्रिणीला सांगत होता. त्याच्या संघातले बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय, प्रशिक्षक डॉक रिव्हर्स कृष्णवर्णीय. पुढच्या सामन्याच्या सरावाला खेळाडूंनी अंगातले शर्ट उलटे घातले, संघाचं नाव आत दडवलं. प्रायोजक एकामागून एक बाजूला झाले. ध्वनिमुद्रण बाहेर आल्यावर चारच दिवसांनी आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी आजन्म बंदी आणि २५ लाख डॉलर दंड जाहीर केला. लीगच्या घटनेत दंडाची कमाल मर्यादाच तेवढी होती. संघ विकायला लावण्यासाठी तीन चतुर्थांश मालकांची मतं लागणार होती, पण मतदानाची वेळच आली नाही. त्याच्या पत्नीने कौटुंबिक ट्रस्टतर्फे संघ स्टीव्ह बाल्मर या उद्योजकाला विकला.

किंमत आली २०० कोटी डॉलर. १९८१ मध्ये स्टर्लिंगने हाच संघ सव्वा कोटी डॉलरच्या आसपास घेतला होता. मग २५ लाखांचा दंड त्याला कुठे लागणार?

मला या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त खुपते. स्टर्लिंग घरमालकही होता, त्याच्या हजारो सदनिका होत्या. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांना घरं नाकारल्याचा खटला अमेरिकेच्या न्याय खात्याने त्याच्यावर भरला होता. २००९ मध्ये त्याने २७ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून तो मिटवला. तेव्हा लीगने काहीच केलं नाही. माणसांना घर नाकारलं तेव्हा शांतता, आणि खासगीतलं बोलणं बाहेर आल्यावर आजन्म बंदी! म्हणून ‘खासगी बोलण्यावर शिक्षा योग्य का’ हा वाद मला अर्धवट वाटतो. नियम मालकाच्या वागण्यावर हवा. वागणूक वेळीच पाहिली असती, तर कुणाचं खासगी ध्वनिमुद्रण वापरायची पाळीच आली नसती.

तरीही खासगीपणाचा मुद्दा मी उडवून लावत नाही. एनबीएमधल्याच डॅलस संघाचा तेव्हाचा मालक मार्क क्युबन म्हणालाच होता की, घरातल्या बोलण्यावर शिक्षा सुरू झाली तर ती वाट फार निसरडी आहे. सरकारने त्या बोलण्यासाठी तुरुंगात टाकू नये, हे मलाही मान्य. पण संघाचा ताबा हा लीगने काही अटींवर दिलेला परवाना असतो, वडिलोपार्जित शेत नव्हे. ज्याच्या हातात खेळाडूंची रोजीरोटी आहे, तो त्यांना माणूस समजतो की नाही, हे त्याच्या घरापुरतं राहत नाही.

खेळाडूंसाठी नियम किती चोख असतात पाहा. जानेवारी २०१९ मध्ये डर्बनला पाकिस्तानचा कर्णधार सर्फराज अहमद दक्षिण आफ्रिकेच्या फेलुक्वायोला ‘अबे काले’ म्हणाला. स्टंपच्या मायक्रोफोनने ते पकडलं. त्याने माफी मागितली, तरी आयसीसीच्या वर्णद्वेषविरोधी संहितेनुसार चार सामन्यांची बंदी बसली. तोच शब्द मालक रोज ड्रेसिंग रूममध्ये वापरत असेल तर? तिथे स्टंपही नाही आणि मायक्रोफोनही नाही.

आता घाईचा धोका. २०१० मध्ये तेलंगणातल्या आंदोलनामुळे डेक्कन चार्जर्स या हैदराबादच्या आयपीएल संघाचे काही सामने आमच्या नागपूरच्या जामठा मैदानावर झाले, त्यामुळे त्या संघाबद्दल नागपूरकरांना थोडी आपुलकी होती. २०१२ मध्ये बीसीसीआयने त्यांचा करार रद्द केला. कारण आर्थिक होतं, वर्णद्वेषाचा काही संबंध नव्हता. पण त्रुटी दूर करायला दिलेली मुदत पुरी व्हायच्या आत तो रद्द झाला, हा मुद्दा लवादात गाजला. २०२० मध्ये लवादाने बोर्डाविरुद्ध सुमारे ४,८०० कोटी रुपयांचा निवाडा दिला, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नऊ वर्षं गेली. वर्णद्वेषी मालकाला काढतानाही तो हाच रस्ता धरणार, म्हणून नोटीस, मुदत, सुनावणी यातलं काहीही गाळू नये.

एनबीएमधल्याच फिनिक्स सन्सचा मालक रॉबर्ट सार्व्हर याच्यावर वर्णद्वेषी बोलण्याचे आरोप झाले, तेव्हा लीगने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करून घेतली, तीनशेहून अधिक लोकांशी बोलणं झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये एक वर्षाची बंदी आणि १ कोटी डॉलर दंड झाला. चौकशी नीट झाली, पण शिक्षा तोकडी पडली. खेळाडू उघड बोलले, जर्सीवरच्या प्रायोजकाने करार पुढे न नेण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे त्याने संघ विकायला काढला. चौकशी सार्व्हरसारखी आणि शिक्षा स्टर्लिंगसारखी, असं मी म्हणेन. चौकशी सुरू असताना मालकाने मैदानावर, लिलावाच्या टेबलावर, ड्रेसिंग रूममध्ये पाय ठेवू नये, कारभार तात्पुरत्या विश्वस्ताकडे द्यावा. निर्णय निवृत्त न्यायाधीश आणि माजी खेळाडूंच्या समितीने द्यावा, कारण इतर मालक मत देताना उद्या आपली पाळी येईल हेच बघणार. संघ विकावा लागला, तर खरेदी किमतीवरच्या नफ्याचा ठरावीक हिस्सा खेळाडूंच्या कल्याण निधीत जाईल, हेही करारातच असावं. आणि संघाचे गुण कापू नयेत, संघ निलंबित करू नये. २०१५ मध्ये सट्टेबाजीच्या प्रकरणात लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले, आणि ज्यांचा काही दोष नव्हता ते खेळाडू विखुरले.

आपल्याकडे नियमात नुसता ‘वर्ण’ लिहून भागणार नाही. जात, जमात, रंग, प्रांत हे शब्द स्पष्ट हवेत. हे मी अनुभवावरून सांगतो. मी नागपुरात टेनिस बॉल स्पर्धांना गेली पंधरा-सोळा वर्षं स्कोअरर म्हणून बसतो. आता गल्लीतल्या स्पर्धेतही लिलाव होतो, प्रत्येक संघाला मालक असतो. अशाच एका स्पर्धेत गडचिरोलीकडचा एक गोंड मुलगा खेळत होता. इथे वसतिगृहात राहून शिकायचा, चेंडू असा आत आणायचा की बघत राहावं. एका सामन्यात शेवटच्या षटकात त्याला दोन षटकार बसले आणि संघ हरला. मालक मंडपातूनच ओरडला, “जंगलातून पकडून आणलं का असंच होते. मोहफुलं वेचाले जाय आता!” मंडपातले काही जण हसले. पोराने जर्सी काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि बनियनवर बस स्टॉपकडे चालू लागला.

आदल्याच दिवशी पंचाशी हुज्जत घातली म्हणून एका पोट्ट्याला आम्ही दोन सामने बसवलं होतं. मी आयोजकांना म्हटलं, याचं काय? उत्तर आलं, “जाऊ द्या ना भाऊ. मंडप त्याच्याच पैशातून उभा हाये.” मी गप्प बसलो आणि स्कोअरबुक पूर्ण केलं. त्या मुलाच्या मागे जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते, ते मी केलं नाही.

खेळाडूंनी एकत्र नकार दिला की मालक आणि आयोजक हलतात, हे आपल्या इतिहासातही आहे. पळवणकर बाळू हा दलित फिरकी गोलंदाज मुंबईतल्या धर्मवार संघांच्या स्पर्धेतल्या हिंदू संघाचा आधार होता, पण पुण्यात त्याला चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळायचा. १९२० मध्ये त्याला संघातून वगळलं आणि त्याचा भाऊ विठ्ठल यालाही कर्णधारपद नाकारलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. आमच्या मंडपात त्या संध्याकाळी बाकीच्या खेळाडूंनीही जर्सी काढली असती, तर आयोजकांना दुसऱ्या दिवशीचा सामना भरवता आला नसता.

पुढच्या वर्षी मी आणि दोन पंचांनी अट घातली की, मालकांच्या प्रवेश अर्जात एक कलम येत असेल तरच आम्ही बसू. खेळाडूला, पंचाला किंवा मैदानावरच्या कुणालाही जात, जमात, रंग, धर्म, प्रांत यावरून हिणवल्यास मालकाचा ताबा त्याच दिवशी जाईल, अनामत जप्त होईल, संघ मात्र कर्णधाराच्या हाताखाली खेळत राहील. निर्णय आयोजकांचा नाही, तीन पंचांचा. आठपैकी सात मालकांनी सही केली. आठव्याने केली नाही, तेव्हा त्याचा संघ घेतला नाही, आणि त्या वर्षी स्पर्धा सात संघांची झाली.