ब्रिटनला येताय, तर हेही ऐकून ठेवा

सलाम ताई,

तुम्ही लिहिलंत की रत्नागिरीहून नर्सिंगच्या नोकरीसाठी ब्रिटनला यायचं ठरतंय, मुलगा नऊ वर्षांचा आहे, आणि घरच्यांना धास्ती आहे की 'तिथले मुसलमान पाश्चात्त्य देशांवर एवढे चिडलेले, मग राहतात कशाला तिथे? आपल्या पोराच्याही डोक्यात तेच भरेल.' व्हिसा, पगार, नोंदणीची परीक्षा हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही. पण घरच्यांच्या या प्रश्नाने मला दोन दिवस स्वस्थ बसू दिलेलं नाही.

मी मूळची खेडची. लेस्टरला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. इथल्या मुसलमानाचं शेजाऱ्याशी, कोर्टाशी, एनएचएसशी (इथली सरकारी आरोग्यसेवा) सहसा भांडण नसतं. तो चिडतो ते हे सरकार बाहेरच्या देशांत काय करतं त्यावर. ६ जुलै २०१६ ला इराक युद्धाच्या चौकशीचा चिलकॉट अहवाल आला. आमच्या कँटीनमध्ये टीव्ही चालू होता. शांततेचे सगळे मार्ग संपण्याआधीच ब्रिटन युद्धात उतरलं, असं चौकशीचे प्रमुख चिलकॉट सांगत होते. बसऱ्याचे एक डॉक्टर आमच्या टेबलावर होते. ब्रिटनला त्या युद्धात नेणारे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर पडद्यावर आले, तसे डॉक्टर ताट तसंच ठेवून उठले. माझ्या शेजारी कोसोव्होची एक सहकारी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या भाच्याचं नाव टोनिब्लेर आहे." १९९९ ला नाटोने सर्बियन फौजांना कोसोव्होतून हुसकावलं, त्यानंतर तिथे कितीतरी मुलांची नावं अशी ठेवली गेली. ब्लेअर तेच, आणि ती दोघंही मुसलमान. घरच्यांना हे नक्की सांगा.

प्यू या अमेरिकन संस्थेच्या पाहण्या बघा. इंडोनेशियात अमेरिकेबद्दल चांगलं मत असलेले २००२ मध्ये ६१ टक्के होते. इराकनंतर २००३ ला १५ टक्के उरले. त्सुनामीत अमेरिकेची मदत पोचली, तेव्हा २००५ ला पुन्हा ३८ वर गेले. त्या तीन वर्षांत लोकांचा धर्म काही बदलला नव्हता. इराणी माणसाशी बोलाल तर १९५३ ला अमेरिका आणि ब्रिटनने त्यांचे पंतप्रधान मोसाद्देक यांचं सरकार पाडलं ते काल घडल्यासारखं निघतं, पॅलेस्टिनीशी बोलाल तर पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला ब्रिटनचा पाठिंबा देणारं १९१७ चं बाल्फोरचं पत्र.

पण एवढ्यावरून ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये बॉम्बस्फोटांत ५२ माणसं मारणाऱ्यांना मी कसलीही सूट देणार नाही. आणि चीन उइघुर मुसलमानांचं जे करतो त्यावर आमच्या मशिदीबाहेर कधी ब्रिटिश सरकारविरुद्ध जमते तशी गर्दी जमत नाही, हे मला खटकतं. लोक म्हणतात, आपला टॅक्स चीनला जात नाही, ब्रिटनला जातो. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने माझं समाधान होत नाही.

आता शाळेचं, कारण ते अजून सलतं. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा मुलाच्या शाळेच्या हॉलमध्ये निळे-पिवळे झेंडे लागले, वर्गणी निघाली, पोराने गल्ल्यातली नाणी नेऊन दिली. आम्हाला अभिमान वाटला. पुढच्या वर्षी गाझावर बॉम्ब पडू लागले आणि त्याने कंपासपेटीवर पॅलेस्टाईनचा झेंडा काढला, तर आम्हाला बोलावणं आलं. घरी बातम्या कोण बघतं, कोणतं चॅनेल, जेवताना काय बोलता, अशी विचारणा झाली. २०१५ पासून 'प्रिव्हेंट'खाली मुलं अतिरेकाकडे वळू नयेत हे बघणं शाळांवर कायद्याने बंधनकारक आहे, हे मला ठाऊक आहे. बाई आवाजही चढवत नव्हत्या. पण अकरा वर्षांच्या मुलाने घरी येऊन ती पेटी खरवडून काढली, आणि तेव्हापासून तो वर्गात बातम्यांवर बोलत नाही. तुम्हाला बोलावलं तर दोघं जा, काय ठरलं ते लेखी मागा.

कागदांवरही नावाचं बघा. नवऱ्याच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर 'महंमद', पासपोर्टवर 'मोहम्मद' आणि आधारवर नुसतं 'मो.' होतं. तिघेही एकच हे पटवण्यात आमचा कायम वास्तव्याचा अर्ज रखडला. विमानतळावर त्याला बाजूला घेतात तेव्हा मी सामान धरून उभी राहते आणि मुलांना काय सांगायचं ते सुचत नाही. तुम्ही गॅझेट करून सगळीकडे एकच नाव करून या.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. ईदला ड्यूटी लागते. निभतं.

नागरिकत्वाच्या समारंभात राणीशी निष्ठेची शपथ घेतली ती मनापासून. या देशाने मला नोकरी दिली, माझ्या आईचं ऑपरेशन फुकट केलं. त्याच देशाचे लढाऊ विमानांचे सुटे भाग इस्रायलपर्यंत कसे जातात हे वाचलं की घास अडकतो. या दोन्हींचा मेळ मला घालता आलेला नाही. तुम्हाला येईल असं खोटं आश्वासन देत नाही.

आल्या आल्या मतदार यादीत नाव घाला. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणून नागरिकत्व नसलं तरी संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, आपल्या पुष्कळांना हे माहीतच नसतं. जुलै २०२४ ला आमच्या लेस्टर साउथमध्ये गाझाच्या प्रश्नावर लढलेले अपक्ष शौकत अ‍ॅडम यांनी लेबरच्या जोनाथन अ‍ॅशवर्थ यांना हजाराहून कमी मतांनी हरवलं. नवऱ्याचं म्हणणं, हॉस्पिटलची रांग आणि घरभाडं बघून मत द्यावं. मी गाझा बघून दिलं. सप्टेंबर २०२५ ला ब्रिटनने पॅलेस्टाईनला मान्यता दिली तेव्हा मुलाने विचारलं, "हे आपल्या मतामुळे झालं का?" मी म्हटलं, "थोडंफार." ते खरं असावं असं मला फार वाटतं.