रविवारचा वजनकाटा

“खाण्यावरून बोललो तर ती चिडते, नाही बोललो तर वजन वाढत जाते, आम्ही करायचे तरी काय?” लठ्ठपणा असलेल्या किशोरवयीन मुलांचे पालक हा प्रश्न मला वारंवार विचारतात. 14 वर्षांच्या एका मुलीचे आईवडीलही तोच घेऊन आले होते. डॉक्टरांच्या तपासण्या झाल्या होत्या आणि त्यांत वेगळा आजार आढळला नव्हता.

त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी वजन होई आणि आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला जाई. वाढला असेल तर लाल शाईने. मुलगी एकटी असताना म्हणाली, “शनिवारी मी जवळजवळ काहीच खात नाही. रविवारी रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभ्यानेच खाते. चव कळतच नाही.”

आईवडिलांना जो आळस वाटत होता, ते खरे तर एक चक्र होते. उपासमारीनंतर भूक उसळायची, खाल्ल्यावर अपराधी वाटायचे, त्या विचारांत झोप उडायची आणि अपुऱ्या झोपेने भूक आणखी वाढायची. या वयात 8 ते 10 तास झोप लागते; तिला जेमतेम सहा मिळत होती. तिच्या मनःस्थितीची मी बारकाईने विचारपूस केली. खाल्लेले मुद्दाम उलटून काढणे किंवा जीव नकोसा वाटणे असे काही आढळले असते, तर तिला त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

पहिला बदल मी कॅलेंडरपासून सुचवला. वडिलांना तो पटला नाही. “मग तिला धाक कसला राहणार?” असे त्यांनी विचारले. त्या धाकापोटीच ती शनिवारी उपाशी राहते आणि रविवारी रात्री ओट्याशी पोचते, हे मुलीच्या परवानगीने मी त्यांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. वजन आता फक्त दवाखान्यात करायचे ठरले. वेळेवर जेवण, रात्री फोन झोपण्याच्या खोलीबाहेर आणि कोणाच्याही शरीरावर शेरा नाही, हे नियम घरातल्या सर्वांना लागू झाले. आईने स्वतःच्या पोटाला नावे ठेवणेही त्यात आले. या वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांच्या हालचालीची शिफारस आहे, पण आम्ही तिच्या आवडीच्या नाचाने, दार लावून, 15 मिनिटांपासूनच सुरुवात केली.

सहा महिन्यांनी वजन जवळपास तेवढेच होते, म्हणून वडील खट्टू झाले. उंची मात्र तीन सेंटिमीटरने वाढली होती, त्यामुळे उंचीच्या मानाने वजन कमीच झाले होते, हे त्यांना आलेख दाखवून समजवावे लागले. मला अधिक मोलाचे वाटले ते वेगळेच: शेवटच्या दोन महिन्यांत रात्रीचे खाणे एकदाच झाले आणि सकाळी तिने ते आईला आपणहून सांगितले. शाळेच्या मैदानावर सर्वांसमोर धावायला ती अजून तयार नाही. सध्या आमचे बोलणे त्यावरच चालू आहे.