"सर, मी तर फक्त व्हिडिओ काढला"

ॲडमिशन होऊन हॉस्टेल भरले की दरवर्षी माझ्याकडं एक प्रश्न हमखास येतो, कधी पोराचा, कधी बापाचा. रॅगिंगच्या तक्रारीवरून कॉलेजातून नोटीस आलीय, समितीपुढं बोलावलंय, आमच्या पोरानं तर काहीच केलं नाही, तो नुसता तिथं उभा होता, आता याचं पुढं कसं व्हायचं? त्यातली एक केस सांगतो. घरच्यांना विचारूनच सांगतोय, आन ओळख पटेल असं सगळं बदललंय.

परभणीत माझ्याकडं बाप-लेक आले, सकाळच्या लालपरीनं, सोयाबीनची फवारणी अर्धी टाकून. पोरगं सेकंड इयरचं, हॉस्टेलवर राहून पोलीस भरतीची तयारी करणारं. बाप खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणला, "सर, याला सांगा सायबाच्या पाया पड आन मोकळा हो, पोरं पोरं गंमत करतेतच की." आन पोरगं खाली बघून एकच, "मी हात बी लावला नाही सर, मी तर फक्त व्हिडिओ काढला."

झालं असं की रात्री अकराला फर्स्ट इयरच्या पोरांना रूमवर 'इंट्रो'ला बोलावलं. त्यात एक तांड्यावरचं लेकरू, घरी बंजारा बोलणारं, मराठीत जरा अडखळणारं. त्याला म्हणले तुझ्या बोलीत वर्गातल्या पोरीला प्रपोज करून दाखव, त्यानं केलं, हे हसले, मग परत कर म्हणले, आणखी एकदा कर म्हणले. तो व्हिडिओ ग्रुपवर गेला आन दुसऱ्या दिवशी ते लेकरू बॅग भरून गावाकडं निघून गेलं. त्याच्या मोठ्या भावानं तक्रार दिली.

मी पोराला विचारलं, ॲडमिशनच्या वेळी रॅगिंग करणार नाही म्हणून हमीपत्र भरलं होतंस ना? म्हणलं, "ते नेट कॅफेवाल्यानं भरलं, आमी नुसती सही केली." बापाची पण सही होती, बापाला माहीतच नव्हतं. इथंच सगळं घोडं पेंड खातं बघा, दरवर्षी विद्यार्थी आन पालक दोघांकडून हमीपत्र घेतात आन ते कुणी वाचतच नाही. मग यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमात रॅगिंग कशाला म्हणतात ते मी त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. तुमचा हेतू काय होता यावर ते थांबत नाही, समोरच्यावर काय परिणाम झाला ते बघतं, बोललेलं, लिहिलेलं, सगळं त्यात येतं. २०१६ ला त्यात भर घातली, जात, भाषा, गाव-प्रदेश, दिसणं, घरची परिस्थिती यावरून कुणाला त्रास दिला तर ते पण रॅगिंगच. आन महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा तर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष भाग घेणारा, चिथावणी देणारा, सगळ्यालाच धरतो, दोन वर्षांपर्यंत कैद आन १० हजारापर्यंत दंड. हे वाचताना पोराचा आवाज बारीक होत गेला.

मी म्हणलं, मोबाईल वर धरलेला बघून त्या लेकराला काय वाटलं असंल? बराच वेळ गप्प बसलं. मग म्हणलं, "त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं होतं सर. मला वाटलं आता बंद करावं. पण सगळे हसू लागले होते."

त्या एका वाक्यासाठी मी दीड तास बसलो होतो. पोरगं वाईट नव्हतं, पण कळत असून थांबलं नाही, आन समितीपुढं सांगायचं होतं ते एवढंच.

पण त्याच्या रूममधल्यांचं वेगळंच ठरलं होतं. बड्डेची मस्करी चालू होती असं सगळ्यांनी एकसुरात सांगायचं आन व्हिडिओ डिलीट मारायचा. मी स्पष्ट सांगितलं, डिलीट करू नकोस, आन आता कुणाला फॉरवर्ड पण करू नकोस, समिती मागंल तेव्हा दाखव. पुरावा मिटवला तर एकाच्या दोन चुका होतेत. भरतीची भीती होती, तर ते पण नीट समजावलं. कॉलेजची नोटीस म्हणजे पोलिसातला गुन्हा नाही, पण पुढं चारित्र्य पडताळणीत काही विचारलं आन तू लपवलंस, तर त्या लपवण्यावरून हातातली नोकरी जाऊ शकते.

जबाब त्यानंच लिहिला, मी एक शब्द सांगितला नाही. कुणी बोलावलं, मी काय केलं, व्हिडिओ कुठं टाकला, सगळं एका पानात. दोस्तांच्या विरोधात बोलतोय असं त्याला सारखं वाटत होतं. मी म्हणलं तू स्वतःचं लिही, दुसऱ्याबद्दल विचारलं तर बघितलं तेवढंच सांग, जास्तीचं नाही, कमी पण नाही.

बापाला वाटत होतं गाडी करून तांड्यावर जावं आन त्या घरच्यांची माफी मागावी. मन मोठं होतं त्या माणसाचं, पण मी हात जोडून थांबवलं. तक्रार चालू असताना चार माणसं दारात उभी राहिली की ती माफी राहत नाही मामा, दबाव होतो. माफीचं पत्र समितीकडं द्या, त्या लेकराला पाहिजे तेव्हा ते वाचंल, नको वाटलं तर नाही वाचणार.

समितीनं याला एका सेमिस्टरसाठी हॉस्टेलमधून काढलं. बोलावणाऱ्या दोघांना कॉलेजातूनच सस्पेंड केलं आन तक्रार पोलिसांकडं गेली, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर प्राचार्यांना ते करावंच लागतं. बापानं विचारलं अपील करता येतं का. येतं, कुलगुरूंकडं. पोरगंच म्हणलं, "नको अण्णा, झालं ते बरोबर झालं."

आता ते रोज एसटीनं ये-जा करतंय, सकाळी पाचला उठून रनिंग झालं की बस पकडतंय. तांड्यावरचं लेकरू महिन्याभरानं कॉलेजात परत आलं, त्याची रूम बदलून दिली. पत्राचं उत्तर काही आलं नाही. पोरानं मला फोन करून विचारलं, मी जाऊन बोलू का त्याला? मी नाही म्हणलं, तो स्वतःहून बोलला तर बोल.